बंपरचा डावा कोपरा

शाळेच्या फाटकाचा दगडी खांब फियाटला घासला तेव्हा गाडीत पाच मुलं होती. आवाज फार मोठा झाला नाही. मागच्या सीटवरची मुलं आधी दचकली आणि मग हसायला लागली. मीरा मात्र हसली नाही. ती पुढे, डाव्या खिडकीशी बसायची, आणि तो खांब तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला होता.

दशरथ घाडींनी गाडी मागे घेतली, नीट वळवून फाटकातून आत नेली आणि मुलांना उतरवलं. मुलं पळाल्यावर ते पुढे जाऊन वाकले. बंपरचं डावं टोक आत दबलं होतं. निकेलचा मुलामा सोलून निघाला होता आणि कडेचा पत्रा फाटून बाहेर आला होता. त्यावर बोट फिरवायला गेले तर बोटच कापलं.

घाडींचं वय तेव्हा बासष्ट. चकाल्याला राहायचे. एकतीस वर्षं त्यांनी बेस्टची बस चालवली होती, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या चाकाखाली माणूस सोडा, कोंबडीसुद्धा आली नव्हती. हे ते स्वतः फारसं बोलून दाखवत नसत, पण आजूबाजूच्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर निवृत्तीनंतर त्यांनी जुनी फियाट घेतली आणि मुलं शाळेत पोचवायचं ठरवलं, तेव्हा पाच घरांनी डोळे मिटून मुलं त्यांच्या हवाली केली. चार वर्षं झाली होती त्याला. सकाळी सातला न्यायची, पाऊण वाजता आणायची.

रुमालाने बोट बांधून घाडी थेट मरोळ गावात गेले. गावठाणात, क्रुसाच्या शेजारी, जॉनी कोलासोचं गॅरेज होतं. जॉनीचा बाप रोझारिओ हा घाडींच्या जुन्या ओळखीचा. तो गेल्यावर गॅरेज जॉनीने सांभाळलं. गाडी जॉनीशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची घाडींना सवय नव्हती.

"काय काका, परत?" जॉनी गाडीखालून बाहेर येत म्हणाला.

"परत म्हणजे? ते फाटक अरुंद आहे रे. दोन गाड्या आधीच उभ्या होत्या. मला हा पाऊण वाजायच्या आत करून पाहिजे."

"इतक्यात कसा होईल? खोलून ठोकला तर सरळ होईल, पण निकेल परत चढवायला कारखान्यात द्यावा लागेल. दहा दिवस धरा. नाहीतर कुर्ल्याच्या भंगारात जाऊन दुसरा शोधायचा, तोही चांगला मिळाला तर. नाहीतर जागच्या जागी दोन हातोडे मारायचे आणि वरून चंदेरी रंग. पण तो पंधरा दिवसांत पोपडे धरेल."

"रंग मार."

"काका, तुम्हीच मला सांगायचात, गाडीला खोटं काम करायचं नाही म्हणून."

"आज मार. मग पुढचं पुढे बघू. मुलांचे आईबाप दारात उभे असतात, उगाच घाबरतील."

जॉनीने हात पुसले आणि तो बंपरसमोर उकिडवा बसला. अंगठा टोकापासून आत, आतून टोकाकडे असा दोनतीनदा फिरवला. मग म्हणाला, "काका, जरा बसा इथे."

घाडी बसले.

"ही खालची रेघ दिवाळीतली, ती हातगाडी लागली होती तेव्हाची. बघा, गंजलीय. ही वरची, तुमच्या बिल्डिंगच्या टाकीची. हा आजचा खांब. बरोबर?"

"बरोबर."

"मग ही कसली?"

आजच्या ओरखड्याच्या जरा वर बोटभर लांबीची एक रेघ होती. तिच्यात निळा रंग बसला होता. ऑइलपेंटसारखा, घट्ट.

घाडींनी रेघेवर नख ओढून पाहिलं. "ही आधीची असेल."

"मागच्या महिन्यात मीच पॉलिश केलं काका. तेव्हा नव्हती."

"मग उभ्या गाडीला कुणीतरी ठोकली असेल."

"असेल." जॉनी उठून गाडीच्या उजव्या बाजूला गेला. "पण इकडे एक रेघ नाही. आरशावर नाही, मडगार्डवर नाही. जे काय आहे ते सगळं डावीकडे. काका, रागवू नका. एकदा डोळे दाखवून या."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? अजून पेपर चष्म्याशिवाय वाचतो मी."

"पप्पापण वाचायचे. पण घरात फिरताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. नेहमी एकाच बाजूचा. आम्ही हसायचो त्यांना."

"तुझा बाप प्यायचा," घाडी म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. जॉनीने कापूस उचलला, बोटांवरचं ग्रीस एकेक बोट करून पुसलं.

"प्यायचे," तो म्हणाला. "पण डोळे दारूने नाही गेले त्यांचे. हा बंपर मी करणार नाही काका. तुम्ही डोळे दाखवून या, मग म्हणाल तसा करून देतो."

घाडींनी दार आपटलं आणि गाडी काढली.

साकीनाक्याला रस्त्याच्या कडेला डेंटिंग-पेंटिंगवाल्यांची रांगच होती. तिथल्या एकाला ना ओळख ना पाळख, त्यामुळे त्याने काही विचारलंही नाही. "चांदी मार देता हूँ, एक घंटा," म्हणाला आणि हातोडा घेऊन बसला. त्याने घाडींना एक लोखंडी स्टूल दिलं. घाडी स्टुलावर बसून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. ट्रक जात होते, रिक्षा जात होत्या. सगळं दिसत होतं. लांबच्या बसचा नंबर त्यांनी मुद्दाम वाचून पाहिला. अगदी स्वच्छ दिसला. जॉनी कालचं पोर, आपल्याला शिकवतो, असं काहीबाही त्यांच्या मनात चाललं होतं.

थोड्या वेळाने ते उठायला गेले आणि त्यांच्या हाताला काहीतरी लागून खळकन फुटलं. चहा पँटवर सांडला.

"अरे बाबूजी!" चहावाला टपरीवरून ओरडला. "कब का रखा है आपके बाजू में. बोल के रखा था."

डाव्या हाताला एक उलटं खोकं होतं. त्यावर चहाची ओली गोल खूण होती. चहावाला येऊन, बोलून, ग्लास ठेवून गेला होता. हातभर अंतरावर. आवाज रस्त्याच्या गोंगाटात बुडाला असेल, पण माणूस? एवढा मोठा माणूस आपल्या शेजारी येऊन वाकला आणि गेला, आणि आपण समोर बघत बसलेलो!

घाडी पुन्हा स्टुलावर बसले. इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नव्हतं. मग त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला.

समोरचा रस्ता गेला. उरला फक्त मधला एक तुकडा, किल्लीच्या भोकातून दिसावा एवढा. त्यात एका ट्रकचं चाक. बाजूला धड काळोखही नव्हता. नुसतं काही नव्हतं. त्यांनी हात काढला, रस्ता परत आला. पुन्हा हात ठेवला, पुन्हा गेला. असं चारपाच वेळा केलं. मग डावा डोळा झाकून पाहिला. उजवा बरा होता, पण त्याच्याही कडा पूर्वीसारख्या नव्हत्या, हे आता, शोधायला गेल्यावर कळत होतं.

मग त्यांना तो निळा रंग आठवला. निळं काय असतं? सायकल असते. हातगाडी असते. पाण्याचं पिंप असतं. शाळकरी पोराची सायकल निळी असते. मागच्या महिन्यातला एकेक दिवस ते आठवत गेले, पण कुठे काही लागल्याचं, कुणी ओरडल्याचं आठवेना. कुणी पडलं असतं तर कळलं असतं. कळलं असतंच का?

"बस करो," ते पेंटरला म्हणाले.

"अभी तो पालिश पेपर मारा है सिर्फ."

"रहने दो. गाडी यहीं रहेगी थोडी देर."

चावी खिशात घालून ते मरोळच्या दिशेने चालत निघाले. त्या रस्त्यावरून त्यांनी कितीतरी वर्षं बस नेली होती. आता ते भिंतीच्या कडेने, डावा हात भिंतीला लावत चालले होते, आणि समोरून येणारी माणसं त्यांना वाट देत होती.

गॅरेजमध्ये जॉनी एका अँबेसेडरच्या बॉनेटमध्ये वाकला होता. घाडींनी चावी त्याच्यासमोर बॅटरीवर ठेवली.

"गाडी साकीनाक्याला आहे," ते म्हणाले. "तू घेऊन ये."

जॉनीने चावीकडे पाहिलं, मग त्यांच्या पँटवरच्या चहाच्या डागाकडे पाहिलं. शर्ट चढवला.

"पाऊण वाजता शाळा सुटते," घाडी म्हणाले. "पोरं वाट बघतील."

"चला."

रिक्षातून साकीनाक्याला जाऊन त्यांनी गाडी घेतली. जॉनी चालवायला बसला आणि घाडी त्याच्या डाव्या हाताला, मीराच्या जागी. आपल्याच गाडीत त्या बाजूला ते चार वर्षांत एकदाही बसले नव्हते. वाटेत ते एकदाच बोलले. "रोझारिओबद्दल मी जे बोललो ना सकाळी..."

"राहू द्या काका."

"नाही, राहू द्या काय. चुकलंच माझं."

जॉनीने मान हलवली आणि गिअर बदलला.

शाळा सुटली. मुलांना जॉनीला बघून आधी गंमत वाटली. घाडींनी मीराला मांडीवर घेतलं, कारण आता तिला जागा उरली नव्हती.

"घाडीकाका, तुम्ही का नाही चालवत?"

"माझा डोळा बिघडलाय."

"कुठला? हा?" तिने त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर हात हलवला.

"हो. तुला कसं गं कळलं?"

"मी रोज गाडीत बसले की तुम्हाला टाटा करते. तुम्ही बघतच नाही. मग मी पुढे वाकते, मग बघता." थोडं थांबून ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलात."

घाडींनी तिला उजव्या मांडीवर, दिसेल अशी, सरकवून घेतलं.

प्रत्येक घरी घाडी स्वतः उतरले. आईबापांना सांगायचं काम जॉनीवर टाकायला ते तयार नव्हते. काय सांगायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं, पण पहिल्या घरी जे तोंडून आलं तेच त्यांनी पाचही ठिकाणी सांगितलं. माझ्या डाव्या डोळ्याला दिसत नाही. कधीपासून ते मला ठाऊक नाही. आज सकाळी शाळेच्या खांबाला गाडी घासली. याआधीही घासली होती, तेव्हा मी दुसऱ्यांना दोष दिला. एक ओरखडा तर कशाचा आहे तेही मला माहीत नाही. उद्यापासून मी गाडी चालवणार नाही.

मागच्या सीटवरच्या रतनचे वडील, सीताराम, कारखान्यातल्या रात्रपाळीनंतर झोपेतून उठून आले होते. ऐकून त्यांनी घाडींचा हात धरला. "अहो, सांगितलंत हेच फार झालं. आत या, पाणी प्या." घाडी आत गेले नाहीत. ते दोन शब्द ऐकून त्यांना बरं वाटलं असं नाही. उलट तिथून लवकर निघावंसं वाटलं.

मीराची आई कुंदा दारातच उभी होती. तिचा नवरा मस्कतला. घरात ती आणि मीरा दोघीच. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "ती कुठे बसली होती?"

"पुढे. डावीकडे."

"खांब कुठे लागला?"

"डावीकडे."

कुंदाने मीराला जवळ ओढलं. तिचे दोन्ही दंड, मनगटं चाचपून पाहिली, जणू आत्ताच काहीतरी झालंय.

"कुंदाताई, मी..."

"काका, आता काही बोलू नका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने मीराला आत घेतलं आणि दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. जॉनीने येऊन घाडींना दारासमोरून गाडीपाशी नेलं.

घरी बायकोने, विमलाने, जेवण वाढून ठेवलं होतं. जॉनीला दारात बघून ती म्हणाली, "काय झाला ओ? गाडी ह्येनी कशी आणली?"

घाडी पाटावर बसले. ताटाकडे बघत म्हणाले, "माझो डावो डोळो गेलो, विमल."

ती त्यांच्या शेजारी बसली. डाव्या बाजूलाच बसली होती. तिने पाठीवर हात ठेवला तेव्हा ते दचकले, आणि तिला सगळं कळलं.

मोठ्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी दोन दिवस तपासण्या केल्या. काचबिंदू, असं सांगितलं. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडून हळूहळू खात येतो. एक डोळा दुसऱ्याचं काम करत राहतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. डावा आता परत येणार नाही. उजवा राखायचा असेल तर रोज औषधाचे थेंब, जन्मभर. "तुम्ही गाडी चालवत होतात?" बाईंनी विचारलं, आणि घाडींनी हो म्हटल्यावर त्या लिहायच्या थांबल्या.

पुढचे काही दिवस ती मुलं रिक्षाने, बसने, आईबापांच्या ओढाताणीत शाळेत गेली. फियाट जॉनीच्या गॅरेजसमोर उभी होती. एका रविवारी जॉनी आणि त्याची बायको एमिलिया चर्चमधून परस्पर घाडींकडे आली. एमिलियाला गाडी यायची. लग्नानंतर जॉनीनेच शिकवली होती आणि दुरुस्त झालेल्या गाड्या बऱ्याचदा तीच पोचवायची.

"पोरांचं मी करीन, काका," ती म्हणाली. "गाडी तुमचीच राहू दे. मी नुसती चालवीन. आईबापांना चालत असेल तर."

घाडींनी सीतारामला विचारलं, आणखी दोघांना विचारलं. तिघं तयार झाले. चौथ्याने रिक्षा लावली होती. कुंदाकडे ते गेले नाहीत. तिला पुन्हा विचारायचा आपल्याला अधिकार नाही, असं त्यांना वाटलं.

मग बंपरचा प्रश्न आला. जॉनीने तो खोलून ओट्यावर आडवा ठेवला होता. पेंटरने घासलेला, अर्धा चकचकीत, अर्धा करडा. निळी रेघ पॉलिशपेपरने पुसट झाली होती, पण नीट पाहिलं तर दिसत होती.

"कारखान्यात देऊ या," जॉनी म्हणाला. "निकेल करून नव्यासारखा येईल. नाहीतर कुर्ल्याला एक बघून ठेवलाय, आपल्याच मॉडेलचा. रविवारी जाऊन आणतो."

घाडींनी बंपर दोन्ही हातांनी उचलून उजव्या डोळ्याजवळ नेला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले. असा तो त्यांनी पूर्वी कधी पाहिलाच नव्हता. डाव्या टोकाशी आले तेव्हा फाटलेल्या पत्र्याची कड त्यांनी अंगठ्याने चाचपली.

"ही धार पोरांच्या पोटरीला लागेल," ते म्हणाले. "पोरं याच बाजूने चढतात उतरतात. आधी ही कापून टाक. वेल्डिंग कर, कानशीने गोल कर. हात फिरवला तर कुठे लागता कामा नये."

"आणि निकेल?"

"निकेल नको. दहा दिवस त्यात घालवू नकोस. काळा रंग मार, गंजणार नाही असा. दिसायला वाईट दिसेल, दिसू दे."

"दुसरा आणला तर स्वस्तातच..."

"त्या दुसऱ्याला कुठे काय लागलंय ते मला माहीत नाही," घाडी म्हणाले. "ह्याचं निदान तीन ठिकाणचं माहीत आहे."

जॉनीने त्यांच्यासमोरच काम केलं. तापवून सरळ केला, फाटका भाग कापून तुकडा जोडला. कानस मारता मारता तो दर थोड्या वेळाने बंपर घाडींसमोर धरायचा आणि घाडी डोळे मिटून त्यावर बोटं फिरवायचे. "इथे अजून आहे," म्हणायचे. पुन्हा कानस. दुपार त्यात गेली. शेवटी त्यांनी पूर्ण तळवा टोकावरून फिरवला आणि मान हलवली. तो निळा रंग कशाचा होता, हे त्यांना पुढे कधीच कळलं नाही. नव्या रंगाखाली गेला म्हणून तो त्यांच्या मनातून मात्र गेला नाही. निळी सायकल दिसली की ते आजूबाजूला तिचा मालक शोधायचे, त्याच्या पायांकडे बघायचे.

कुंदा मीराला बसने नेत होती. मार्चच्या सुमारास बाजारात ती एकदा समोरून आली. हातात पिशवी, घाईत. घाडी बाजूला झाले. ती पुढे गेली, दोन पावलांवर थांबली आणि मागे वळून म्हणाली, "औषध घालता ना डोळ्यात?"

"घालतो."

"घाला," ती म्हणाली आणि गेली. त्यापलीकडे त्यांच्यात बोलणं झालं नाही.

फियाट रोज सकाळी सातला घाडींच्या बिल्डिंगखाली यायची. रतन आणि दुसरी दोन मुलं चढायची. घाडी खाली उतरायचे, प्रत्येक दार नीट लागलंय का ते ओढून बघायचे आणि मग मागे सरायचे. एमिलिया चांगली चालवायची, पण वळणाशी दुसरा गिअर टाकताना तिचा थोडा उशीर व्हायचा, आणि दर वेळी त्या क्षणाला घाडींचा डावा पाय क्लच दाबल्यासारखा चपलेसकट जमिनीवर दाबला जायचा.

गाडी वळली की ते जिना चढून वर यायचे. विमला थेंबांची बाटली घेऊन खिडकीशी बसलेली असायची.

"गेली पोरां?" ती विचारायची.

"गेली," घाडी म्हणायचे, आणि मान मागे टाकून बसायचे.